दुष्काळ आणि दयाघन : पंडिता रमाबाई यांच्या श्रद्धेचा जीवनक्रम

ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि तो प्रेमस्वरूपही आहे, ही दोन विधाने एकाच वेळी मान्य केली, तर जगातील दुःखाची, विशेषतः निरपराध जीवांच्या दुःखाची, उपपत्ती कशी लावायची हा प्रश्न उभा राहतो. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात तो अनिष्टाची समस्या या नावाने शिकवला जातो. ग्रंथांतून त्याची चर्चा तर्काच्या पातळीवर होते. परंतु काही व्यक्तींच्या आयुष्यात हा प्रश्न चर्चेचा विषय म्हणून येत नाही. तो भुकेच्या, साथीच्या आणि मृत्यूच्या रूपाने दाराशी येऊन उभा राहतो आणि त्याचे उत्तर जगण्यातूनच द्यावे लागते. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाच्या व समाजजीवनाच्या इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे चरित्र या दृष्टीने फार बोलके आहे.

रमाबाईंच्या चरित्राचा विचार आजवर मुख्यतः स्त्रीसुधारणा आणि धर्मांतर या दोन अंगांनी झाला. धर्मांतर योग्य की अयोग्य या वादात त्यांच्या श्रद्धेची आंतरिक घडण मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनक्रमाकडे एकाच सूत्राने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. दुःखाचा हिशेब मांडणारा धर्म आणि दुःखिताला जवळ घेणारा देव यांच्यामधील अंतर त्यांनी कसे ओलांडले, आणि ते ओलांडल्यावर मूळ प्रश्न सुटला की नाही, हे ते सूत्र होय.

(१)

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मंगळूर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, वैष्णव वृत्तीचे पंडित. तरुणपणी पुण्यात शिकत असताना, दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला आपले गुरू संस्कृत शिकवतात हे पाहून त्यांच्या मनात स्त्रीशिक्षणाची ओढ निर्माण झाली. पुढे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले, त्यापायी शास्त्री-पंडितांचा विरोध सोसला आणि अरण्यात आश्रम उभारला. लक्ष्मीबाईंनीच पहाटेच्या वेळी आपल्या धाकट्या मुलीला संस्कृताचे पाठ दिले. भागवत पुराणाचे हजारो श्लोक या मुलीच्या मुखोद्गत झाले ते याच शिक्षणामुळे.

स्त्रियांच्या शिक्षणाबाबत बंडखोर असलेले हे कुटुंब अन्य सर्व बाबतींत कमालीचे श्रद्धाळू होते. आश्रमातील अतिथिसत्कारामुळे कर्ज झाले, जमीनजुमला गेला आणि मग तीर्थयात्रा हाच त्यांचा संसार झाला. देवळांतून पुराण सांगावे, मिळेल ती दक्षिणा घ्यावी, त्यातली बरीचशी दानधर्मात घालवावी असा क्रम वर्षानुवर्षे चालला. या जीवनाच्या मुळाशी एक निश्चित धर्मकल्पना होती. दुःख हे पूर्वकर्माचे फळ आहे. व्रते, दाने, पुरश्चरणे आणि तीर्थस्नाने यांनी पापाचा क्षय होतो आणि देवता प्रसन्न होतात. या कल्पनेत अनिष्टाच्या समस्येला वस्तुतः जागाच उरत नाही. प्रत्येक दुःखाच्या मागे एक कारण असते, ते कारण दुःख भोगणाऱ्याच्याच खात्यावर असते, आणि ईश्वराकडे जाब मागण्याचा प्रसंग येत नाही. हिशेब चोख असतो. त्या हिशेबात करुणेला स्थान कितपत असते, हा प्रश्न डोंगरे कुटुंबाला विचारावा लागला नव्हता. दुष्काळाने तो विचारायला लावला.

(२)

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नटंचाईने उग्र रूप धारण केले. शारीरिक श्रम करणे किंवा भीक मागणे हे दोन्ही मार्ग या पंडित कुटुंबाला जातीच्या अभिमानामुळे निषिद्ध वाटत होते. देव काही चमत्कार करील या आशेने उरलेसुरले द्रव्य ब्राह्मणांना दान देण्यात आणि अनुष्ठानांत संपले. दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. अखेर हे कुटुंब मरणाच्या निश्चयाने अरण्यात शिरले आणि झाडपाला व रानफळे खाऊन दिवस काढू लागले. वृद्ध व जवळजवळ अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात देह विसर्जित करण्याचे ठरविले. निरोप घेताना त्यांनी आपल्या सर्वांत धाकट्या मुलीला कवटाळून देवाची भक्ती आणि सन्मार्ग न सोडण्याचा उपदेश केला. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू, पण वडिलांना असे मरू देणार नाही, असे त्याने सांगितले आणि जलसमाधीचा बेत राहिला. मात्र उपासमारीने खंगलेले अनंतशास्त्री लवकरच वारले. त्यांच्यामागून लक्ष्मीबाई गेल्या. आईचे प्रेत उचलण्यास पुरेसे लोक मिळेनात, म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाईंना तिरडीला खांदा द्यावा लागला आणि उंची कमी पडल्यामुळे तिचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात आणि १९०७ साली अशी दोन वेळा इंग्रजीतून या काळाची निवेदने लिहिली. आज या घटना आपल्याला कळतात त्या मुख्यतः या लेखनातून. हे लेखन धर्मांतरानंतरचे आहे आणि जुन्या श्रद्धेची व्यर्थता दाखविण्याचा हेतू त्यामागे आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. तरीही त्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. आईवडिलांविषयी त्यात उपहास नाही. उलट, ज्यांनी एवढ्या निष्ठेने देवाची सेवा केली त्यांच्याच वाट्याला असे मरण का यावे, ही वेदना त्या निवेदनांच्या तळाशी आहे. देवांनी आपला शब्द पाळला नाही, असा हा अनुभव होता.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे तुकारामांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, पत्नी आणि मुलगा दगावले. त्या आघातानंतर तुकाराम विठ्ठलाशी भांडले, रुसले, त्याला दोष दिला, पण त्याला सोडून गेले नाहीत. भक्तिपरंपरेत देवाशी असे भांडता येते, कारण तेथे नाते आप्ताचे असते. डोंगरे कुटुंबाचा धर्म पौराणिक कर्मकांडाचा होता. त्यात देवाशी व्यवहार होता, भांडण्याइतकी सलगी नव्हती. व्यवहार मोडला तेव्हा रमाबाईंच्या हाती भांडायलाही कोणी उरले नाही. त्यांच्या पुढील धर्मशोधाची दिशा समजून घेण्यासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

(३)

आईवडिलांच्या मृत्यूनंतर रमाबाई आणि श्रीनिवास यांनी उत्तरेत काश्मीरपर्यंत आणि पूर्वेकडे बंगालपर्यंत हजारो मैलांची पायपीट केली. थंडीपासून बचावासाठी झेलमच्या वाळूत खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून त्यांनी रात्री काढल्या. व्रते आणि तीर्थे चालूच होती, परंतु विश्वास ओसरत होता. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव करून त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात स्त्रियांना उपदेश करण्याच्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्रग्रंथ वाचले आणि केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून वेदवाङ्मयाकडे वळल्या. या वाचनातून त्यांचा निष्कर्ष असा झाला की, शास्त्रांचे परस्परांत कितीही मतभेद असले तरी स्त्री व शूद्र यांच्या हीन स्थानाबद्दल ती एकमुखी आहेत. दुःखाचे कारण पूर्वकर्म, आणि स्त्रीजन्म हेच पूर्वपापाचे फळ, ही जोड त्यांना आता केवळ निर्दय वाटत नव्हती, तर अन्याय्य वाटू लागली होती. दुःखिताला दोषी ठरविणारी उपपत्ती दुःख देणाऱ्याला मोकळे सोडते, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले होते.

१८८० मध्ये श्रीनिवास ढाक्यास आजारी पडून वारले. बहिणीचे पुढे काय होणार या चिंतेने ते व्याकूळ झाले होते. आपल्या दोघांना देवावाचून कोणी नाही, असे रमाबाईंनी सांगितल्यावर त्यांचे मन शांत झाले, असे त्या नमूद करतात. कर्मकांड गळून पडले असताना देव मात्र उरला होता. हा देव कोण, याचे उत्तर अद्याप मिळाले नव्हते. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानलेल्या जातीतील वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. विवाहाला दोन वर्षे होण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबिहारी पटकीने मृत्यू पावले. तेविसाव्या वर्षी रमाबाईंच्या मागे आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती एवढे मृत्यू होते. पुढे होती ती एक तान्ही मुलगी.

(४)

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगासमोरील साक्ष आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक ही सर्व कामे त्याच वर्षातील होत. स्त्रियांच्या दुःखाचे उत्तर 'स्त्रीधर्मनीति'मध्ये त्या शिक्षण, स्वावलंबन आणि सदाचार यांत शोधतात. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तकही १८८२ सालचेच. एकाच वर्षी दोन मराठी स्त्रियांनी आपल्या दुःखाच्या कारणांचा विचार ग्रंथरूपाने मांडावा, ही वाङ्मयेतिहासात नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. श्रवणदोषामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आपल्या जीविताचा अंत केला. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नव्या श्रद्धेत प्रवेश करतानाही मृत्यू त्यांच्या उंबरठ्यावर होता, ही गोष्ट त्यांच्या धर्मांतराच्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतली जाते.

या धर्मांतरामागे नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे यांच्या युक्तिवादांचा वाटा होता. तथापि निर्णायक ठरला तो एक प्रत्यक्ष अनुभव. लंडनमधील फुलम येथे भगिनीसंघाच्या आश्रयगृहात पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा प्रेमाने केली जाते, हे रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रियांना शासन करण्याची भाषा त्यांना शास्त्रांतून परिचित होती. त्यांना जवळ घेण्याचे कारण काय, असे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. दुःखाच्या किंवा पापाच्या कारणांची चौकशी न करता दुःखितापाशी थांबणारा देव त्यांना येथे भेटला. अनिष्टाच्या समस्येचे तार्किक उत्तर या कथेत नाही. रमाबाईंना तसे उत्तर हवे होते असेही दिसत नाही. ज्यांना धर्माने दोषी ठरविले त्यांना निर्दोष ठरविणारा नव्हे, तर दोषासकट स्वीकारणारा देव त्यांना हवा होता.

हा स्वीकार आंधळा नव्हता. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत असताना सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्य, चमत्कार आणि चर्चचा अधिकार यांवर त्यांनी परखड शंका घेतल्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत अडकण्याची त्यांची तयारी नव्हती. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली, तेव्हा त्यांनाही या स्वतंत्र वृत्तीचेच मोल वाटले असावे.

(५)

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. आनंदीबाई पुढच्याच वर्षी पुण्यात अकाली निवर्तल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हा रमाबाईंचा ग्रंथ १८८७ चाच. अमेरिकेत मिळालेल्या पाठबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. बालविधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा संकेत होता. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुलींना काढून नेण्यात आले. संकेताचा भंग झाला असे टीकाकारांचे म्हणणे होते, तर स्वतःची प्रार्थना लपविणे रमाबाईंना मान्य नव्हते. त्यांच्या श्रद्धेतही या सुमारास बदल घडत होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नव्हता, अशी जाणीव त्यांना १८९१ च्या आसपास झाली. मताच्या पातळीवरचा देव निकट संबंधाचा झाला, तो येथे.

या श्रद्धेची कसोटी १८९६-९७ मध्ये लागली. मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता ऐकून स्वतःची उपासमार त्यांच्यापुढे उभी राहिली आणि त्या दुष्काळग्रस्त भागात गेल्या. अनाथ मुली आणि विधवा भुकेने मरत होत्या, शिवाय निराधार अवस्थेचा गैरफायदा घेणाऱ्यांच्या हाती पडत होत्या. येथे नैसर्गिक अनिष्ट आणि मानवी अनिष्ट ही तत्त्वज्ञानातील विभागणी प्रत्यक्षात किती अपुरी आहे हे दिसून येते. पाऊस न पडणे ही निसर्गाची करणी, पण भुकेल्या मुलीची विक्री ही माणसाची. रमाबाईंनी काही महिन्यांत सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या उभारल्या. पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयाच्या गैरव्यवस्थेविरुद्धही त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. देवावर भार टाकला म्हणजे सरकारला जाब विचारायचा नाही, असे त्यांनी मानले नाही.

केडगावचे मुक्ती सदन असे उभे राहिले. १९०० च्या छप्पनियाच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या जवळजवळ २,००० झाली. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, छापखाना ही कामे स्त्रियाच करीत. कृपा सदनात फसविल्या गेलेल्या स्त्रियांना आश्रय मिळाला, म्हणजे फुलम येथे पाहिलेले कार्य महाराष्ट्राच्या मातीत रुजले. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. दुष्काळातून आणलेल्या सर्वच मुली वाचल्या नाहीत. कित्येकींची शरीरे उपासमारीने एवढी खचली होती की अन्न मिळूनही त्या दगावल्या. प्रेमळ देवावरील विश्वास या मृत्यूंच्या शेजारीच टिकवावा लागला.

या कार्याला दुसरीही बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. भुकेने आश्रयाला आलेल्या मुलींनी धर्म स्वीकारला, तर तो कितपत स्वेच्छेचा मानायचा, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही त्याला सहज उत्तर देता येत नाही. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या पुनरुज्जीवनातील भावावेग अनेक सुशिक्षित वाचकांना रमाबाईंच्या पूर्वायुष्यातील चिकित्सक बुद्धीशी विसंगत वाटतो. परंतु ज्या काळात त्यांच्या निंदकांपैकी फार थोडे दुष्काळात या मुलींपर्यंत पोहोचले, त्या काळात त्या पोहोचल्या, हेही सत्य आहे. ही दोन्ही सत्ये एकत्र ठेवूनच त्यांचे मूल्यमापन करणे प्राप्त आहे.

(६)

उत्तरायुष्यातील रमाबाईंचे सर्वांत मोठे वाङ्मयीन कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून त्यातील अनेक शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचा वास आहे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा साध्या मराठीत नवे भाषांतर हाती घेतले. भागवत मुखोद्गत असणाऱ्या पंडितेने संस्कृत वळणाचा जाणीवपूर्वक त्याग करावा, यामागे केवळ भाषिक धोरण नव्हते. कर्म, पुण्य, प्रायश्चित्त या शब्दांबरोबर येणारा हिशेब त्यांना आपल्या देवाच्या भाषेत नको होता.

या भाषांतरात ईयोबाचा ग्रंथही आला. निरपराध माणसावर संकटांचे डोंगर कोसळतात, मित्र येऊन त्याच्या पापांचा शोध घेतात, तो मात्र आपले निर्दोषत्व सोडत नाही आणि थेट देवाकडेच दाद मागतो. अखेरीस देव दुःखाचे कारण सांगत नाही, परंतु मित्रांचा युक्तिवाद अमान्य करतो. अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाला जी समजूत समाजाने दिली असती, ती या मित्रांच्या समजुतीहून फारशी निराळी नव्हती. दुष्काळात आईचे प्रेत डोक्यावर वाहिलेल्या स्त्रीने हा ग्रंथ मूळ हिब्रूतून मराठीत आणला, हा योग वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे.

शेवटचा आघात अद्याप व्हायचा होता. मनोरमाबाई शारदा सदनाचा आणि गुलबर्गा येथील शाळेचा भार वाहत होत्या आणि मुक्तीची धुरा पुढे त्यांच्याच हाती जाणार होती. २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रमाबाईंनी आयुष्यभर ज्यांना पुरले-जाळले त्यांत आता एकुलत्या एक मुलीची भर पडली. त्यांचे स्वतःचे शरीर थकले होते, तरी भाषांतराच्या मुद्रितांचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला. मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

(७)

या जीवनक्रमावरून काही निष्कर्ष काढता येतात. अनिष्टाच्या समस्येचे सैद्धांतिक उत्तर रमाबाईंनी दिले नाही. दुःख का येते, या प्रश्नाचे एक संपूर्ण आणि तर्कशुद्ध उत्तर त्यांना बालपणीच मिळाले होते. ते उत्तर जवळ असूनही माणसे उपाशी मेली. त्यामुळे दुःखाच्या उपपत्तीविषयीच त्यांच्या मनात अविश्वास निर्माण झाला असावा. पुढील आयुष्यात त्यांनी प्रश्नाचा रोख बदलला. दुःख कोणाच्या पापामुळे आले याऐवजी, दुःखितापाशी कोण थांबते, असे त्या विचारू लागल्या. फुलममध्ये त्यांना या प्रश्नाचे उत्तर दिसले आणि केडगावात त्यांनी ते स्वतः देण्याचा यत्न केला.

अर्थात रोख बदलल्याने मूळ प्रश्न संपत नाही. केडगावात वाचलेल्या मुलीचे जगणे ही देवाची कृपा मानली, तर वाटेत मेलेल्या मुलीचे काय, असे नास्तिक विचारू शकतो. आगरकरांसारख्या अज्ञेयवाद्याने दुःखनिवारणाचे कार्य ईश्वराचा आधार न घेताही करता येते हे आपल्या आयुष्याने दाखविले होते. या आक्षेपाला रमाबाईंच्या लेखनात तार्किक खंडन सापडत नाही. सापडतो तो एक आचार. देव प्रेमस्वरूप आहे हे विधान त्यांनी जगाच्या निरीक्षणातून काढलेले अनुमान म्हणून मांडले नाही, कारण त्यांनी पाहिलेले जग तशा अनुमानाला अनुकूल नव्हतेच. ते विधान त्यांनी स्वतःवरचे बंधन म्हणून स्वीकारले. देव प्रेमळ असेल, तर त्याच्या भक्ताने दुष्काळात घरी बसता येत नाही, एवढा त्याचा अर्थ त्यांच्यापुरता स्पष्ट होता. ईश्वराच्या समर्थनाचा हा मार्ग तत्त्वज्ञाला अपुरा वाटेल. केडगावच्या झोपड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलेल्या मुलींना तो अपुरा वाटला असेल, असे म्हणणे मात्र कठीण आहे.